न मोजायच्या चांदण्या

झकेरिया थळकरांच्या दारावरची बेल वाजली, की ते आधी घड्याळ बघतात, मग खिडकीतून बघतात आणि मग दार उघडतात. तोवर पोस्टमन कार्ड टाकून पुढच्या गल्लीत पोचलेला असतो, आणि पार्सल सोडवून आणायला ज्युलिएटबाईंना डेपोपर्यंत पायपीट करावी लागते. "मला मागणी घालायच्या आधी ह्या माणसाने किती खिडक्यांतून बघितलं असेल देव जाणे," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. थळकर नुसते हसतात. बायकोचं म्हणणं खोडून काढायलाही खात्री लागते, आणि तेवढी खात्री त्यांच्याजवळ नसते.

वय त्र्याहत्तर. त्यातली चौतीस वर्षं ईलिंगमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये चष्म्याची भिंगं घासण्यात गेली. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तरी गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं, तेव्हा एक भिंग तीनदा तपासायचं ही सवय धंद्यानेच लावली. मालक म्हणायचा, थळकर स्लो आहे, पण त्याचं भिंग परत येत नाही. आता पेन्शन बेताची पण पुरेशी, गुडघे शाबूत, मुलगी टालिया वॉटफर्डला आपल्या संसारात सुखी, घरामागे रुमालाएवढी बाग. माणसाला आणखी काय हवं? थळकरांना मात्र आणखी एक गोष्ट हवी होती आणि ती ऐकून लोकांना हसू यायचं. त्यांना बुध बघायचा होता. आकाशातला, ग्रह बुध.

ह्या हट्टाचं मूळ समजायचं तर थळकर कोण ते आधी सांगायला हवं. थळकर म्हणजे बेने इस्राएली, मराठी ज्यू. मूळ गाव अलिबागजवळचं थळ, जन्म मुंबईचा, आणि विशी सरताना लंडन. कोकणात त्यांच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणाही बंद अन् बैलालाही सुटी. हा शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ. तो शुक्रवारी सूर्य बुडताना लागतो आणि शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की संपतो. दोन दिसून चालत नाही. आणि तिन्ही तारेच असावे लागतात. ग्रह मोजायचा नाही. उजेड असतानाच जो डोळे मिचकावायला लागतो, त्याच्या भरवशावर रात्र झाली असं म्हणायचं नाही, असा साधा हिशेब.

आता लंडनमध्ये आकाश बघून शब्बाथ सोडायचा म्हटलं तर माणूस नोव्हेंबर ते मार्च शब्बाथातच राहील. म्हणून सगळे छापील वेळापत्रक बघतात. पण त्यांच्या छोट्याशा मंडळीचे हजान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे रहमीमकाका, जुन्या वळणाचे होते. "कागद लंडनचा आहे, आकाश देवाचं आहे," असं म्हणून आभाळ मोकळं असेल त्या दिवशी ते कुणाला तरी बाहेर पाठवायचे. ज्याची नजर चांगली त्याला पाठवायचे. भिंगं घासणाऱ्यापेक्षा चांगली नजर कुणाची असणार? म्हणून कितीतरी वर्षं हा मान थळकरांचा होता. ते बाहेर उभे राहायचे, मान वर करून बघायचे आणि आत येऊन दोनच शब्द बोलायचे, "तीन झाले." त्या दोन शब्दांवर साठ माणसं हलायची.

सत्त्याण्णव सालचा यॉम किप्पूर, वर्षातला सगळ्यांत मोठा उपास. कोकणात ह्याला दारफळणीचा सण म्हणत, कारण दार लावून घ्यायचं, परक्याशी बोलायचं नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि दिवसभर देवाची माफी मागायची. भाड्याच्या हॉलमध्ये संध्याकाळपर्यंत म्हातारी माणसं भिंतींना टेकली होती, पोरं कुरकुरत होती. थळकर बाहेर आले. आभाळ लख्ख होतं. रस्त्याच्या टोकाला लॉन्ड्रेटच्या, म्हणजे कपडे धुण्याच्या दुकानाच्या, छपरावर एक ठळक चांदणी, दक्षिणेकडे दुसरी, डोक्यावर तिसरी. ते आत गेले आणि म्हणाले, "तीन झाले." रहमीमकाकांनी शिंग फुंकलं, दारं उघडली, मनुकांच्या सरबताचे पेले फिरले. पेले रिकामे झाल्यावर कुणाच्या तरी खिशातून वेळापत्रक निघालं. अजून अर्धा तास बाकी होता. सगळे बाहेर धावले. लॉन्ड्रेटवरचा शुक्र होता, दक्षिणेचा गुरू. तारा म्हणावा असा एकच, तो डोक्यावरचा.

कुणी फार बोललं नाही. चूक झाली, देव समजून घेईल, असंच सगळे म्हणाले. रहमीमकाकांनी तर शब्दही काढला नाही. रिवाजाप्रमाणे त्यांनी थळकरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटं ओठांना लावली, रोज लावत तशीच. पण दुसऱ्या दिवशी, सणाच्या शिळ्या दिवशी, एकोणऐंशी वर्षांच्या त्या माणसाने घरी एकट्याने पुन्हा कडक उपास धरला. साठ जणांचा अर्धा तास त्यांनी एकट्याने भरून दिला. थळकरांना हे आठवड्याने कळलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं आणि आजही वाटतं. पुढच्याच हिवाळ्यात काका गेले. तेव्हापासून मंडळी कागदावर चालू लागली आणि थळकरांना बाहेर जा म्हणायची वेळच आली नाही.

त्यांनीही एक गोष्ट मनाशी ठरवून टाकली. ज्याला भामटे ओळखता येत नाहीत त्याने पहाऱ्याला उभं राहू नये. उघड्या डोळ्यांना दिसणारे ग्रह पाच. पाचही तोंडओळखीचे झाले की मगच पुन्हा मोजायचं, तोवर तीन हा आकडा तोंडातून काढायचा नाही. लायब्ररीतून पुस्तकं आणली, बागेत खुर्ची टाकली. शुक्र, गुरू तर आता जन्माचे लक्षात राहिले होते. मंगळ त्याच्या रंगावरून कळला. शनी सापडला तेव्हा त्यांना घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं, शेवटी शनिवारवाल्यांचाच तो. राहिला बुध.

बुध हा सूर्याचं बोट न सोडणारा ग्रह. संध्याकाळी दिसलाच तर सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ, क्षितिजाला घासून, तोही वर्षातले मोजके दिवस. ईलिंगमध्ये त्या जागी समोरच्या घरांची धुराडी आहेत. धुराड्यांच्या वर ढग. ढग नसतील तेव्हा विमानं. एकदा थळकरांनी बुध म्हणून ज्याचं आठ मिनिटं दर्शन घेतलं, ज्युलिएटबाईंना भाजी करपत ठेवून बाहेर बोलावलं, त्याला हळूहळू दोन पंख फुटले आणि तो हीथ्रोवर उतरला. अशी सत्तावीस वर्षं गेली.

ह्या सत्तावीस वर्षांत दर शनिवारी संध्याकाळी ज्युलिएटबाई स्वयंपाकघरातून विचारत, "झॅक, झालं का?" थळकर फ्रिजवर चिकटवलेला कागद बघत, मग घड्याळ बघत आणि म्हणत, "झालं." मग त्या दिवा लावत, चहा टाकत. तक्रार कसलीच नव्हती. पण पूर्वी हा माणूस बागेतून आत यायचा तेव्हा त्याच्या कोटाला थंडीचा वास असायचा, चेहरा उजळलेला असायचा आणि "तीन झाले" असं तो सांगायचा तेव्हा आठवडा खरोखर नवा सुरू झाल्यासारखा वाटायचा. फ्रिजसमोर उभा राहून "झालं" म्हणणारा माणूस त्यांना आवडत होता, नाही असं नाही. त्यांना तो दुसरा हवा होता. बुधाची अट ही सबब आहे, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. बुध दिसला तर सबब संपेल, म्हणून बुध दिसावा असं त्यांनाही मनापासून वाटे.

कमलाकर आणि त्यांची बायको अरुणाताई थळकरांच्या आयुष्यात आले तेही आकाशातूनच. कमलाकर मूळ नागपूरचे, सगळी नोकरी कॉव्हेंट्रीच्या मोटारींच्या कारखान्यात, आणि निवृत्त झाल्यावर लेकीजवळ म्हणून ईलिंगला. अरुणाताईंना संकष्टी. पार्कात दोघं चंद्र शोधत उभे होते. "अहो, पंचांगात तर केव्हाच उगवलाय," अरुणाताई म्हणाल्या. बाकावरून गोल टोपीवाल्या एका गृहस्थांचा आवाज आला, "पंचांग पुण्याचं असेल. आपला त्या चर्चमागे आहे. दहा मिनिटं थांबा." दहाव्या मिनिटाला चंद्र वर आला. तेव्हापासून दर संकष्टीला अरुणाताई थळकरांना फोन करतात. चंद्र मुलीच्या फोनवरही कळतो, पण थळकर त्याच्याबरोबर कोकणातल्या दोन गोष्टीही सांगतात. पहिल्या वर्षी दोघे पुरुष एकमेकांना तुम्ही म्हणत, दुसऱ्या वर्षी तू म्हणू लागले.

बुधाची गोष्ट ऐकल्यावर कमलाकरांच्या अंगात इंजिनियर संचारला. "अरे, ईलिंगमध्ये बसून काय होणार? साऊथला जायचं. जितकं साऊथला जाशील तितके ग्रह वर येतात. सिंपल जॉमेट्री." त्यांनी नकाशा पसरला. देशाच्या मुख्य भूमीचं सगळ्यांत दक्षिणेचं टोक कॉर्नवॉलमध्ये, नाव लिझर्ड. ईलिंगपेक्षा दीड अंश खाली. "म्हणजे बुध दीड अंश वर. तीन पौर्णिमेचे चंद्र एकावर एक रचले तर तेवढी उंची फुकटात. आणि समोर नुसता समुद्र, धुराडी नाहीत." दोन हजार पंचवीसचा फेब्रुवारी संपत आला होता. बुध संध्याकाळच्या आकाशात येत होता आणि हवामानखातं, न भूतो, चार दिवस स्वच्छ ऊन सांगत होतं. कमलाकरांनी लगेच चार दिवसांसाठी एक कॉटेज ठरवलं.

"नाव काय गावाचं, तर सरडा," जाताना गाडीत अरुणाताई म्हणाल्या.

"बरोबरच आहे," कमलाकर म्हणाले. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत. इंग्लंडची धाव तिथपर्यंत, पुढे पाणी."

शुक्रवारी उजेडातच ते पोचले. ज्युलिएटबाईंनी येताना नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण डब्यात घालून आणलं होतं. त्यांनी मेणबत्त्या लावल्या, चौघं जेवले. शनिवारी थळकरांनी दिवसभर काही म्हणजे काही केलं नाही, शब्बाथात करायचं नसतंच. ते खिडकीत बसून समुद्र बघत राहिले. ऊन होतं, वारा होता, कुठे ढगाचा कपटा नव्हता. इतकं स्वच्छ आभाळ बघून त्यांना उगाच ढगांची आठवण आली. ढग असते तर दोष ढगांना देता आला असता.

पाच वाजता चौघं टोकाकडे चालत निघाले. मैलभर वाट, दोन्हीकडे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, पुढे पांढरं दीपगृह. कड्यावरच्या बाकावर बायका बसल्या. अरुणाताईंनी निघताना थर्मास भरून आलं घातलेला चहा आणला होता. ज्युलिएटबाईंनी तो घेतला नाही. शब्बाथात चूल पेटवून केलेलं त्या घेत नसत, मग चूल दुसऱ्याने का पेटवलेली असेना. "झॅक सांगेल तेव्हा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी शाल कानांवरून घेतली. गार वारा नाकाला झोंबत होता, तरी त्यांचा निश्चय ढळला नाही.

सहा वाजून पाच मिनिटांनी सूर्य समुद्रात गेला. पश्चिमेला शुक्र तर जवळजवळ लगेचच पेटला. त्याच्या खाली चंद्राची कोर, नखाच्या कडेएवढी. वर दक्षिणेला गुरू आला. बुधाची जागा अजून नारिंगी होती, तिथे काहीच दिसेना. कमलाकर खिशातल्या फोनला सारखा हात लावत होते. त्यात एक ॲप होतं. फोन आकाशाकडे धरला की नावं दाखवणारं.

"फोन नको," थळकर म्हणाले.

"मी कुठे काढला?"

"काढशील. त्याने दाखवलेला बुध त्याच्या ओळखीचा. मला माझ्या ओळखीचा हवाय."

बोलता बोलता वेळ गेला. थळकर समुद्राची कड नजरेने पुसत होते, डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा. तेवढ्यात ज्युलिएटबाईंनी मनगट वर केलं. "झॅक, सहा त्रेचाळीस. फ्रिजवरच्या कागदावर आज हीच वेळ आहे, मी बघून आलेय. झालं ना?"

थळकरांच्या तोंडात सवयीने "झालं" आलंच होतं. सत्तावीस वर्षांची सवय ती. पण समोर फ्रिज नव्हता. समोर पश्चिम होती आणि ती अजून चांगली उजळ होती. एवढ्या उजेडात शब्बाथ संपतो कसा? त्यांनी कमलाकरांकडे बघितलं, कमलाकरांनी कपाळाला हात लावला.

"माय गॉड. तो कागद लंडनचा. आपण नुसते साऊथला नाही आलो, वेस्टला पण आलो. चांगले पाच अंश. इथे सगळं वीस मिनिटं उशिरा."

दीड अंश दक्षिणेचा हिशेब अगदी तोंडपाठ होता. पाच अंश पश्चिमेचा दोघांपैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नव्हता. थळकर एक शब्द बोलले असते तर तीच चूक, तितकीच मोठी, पुन्हा झाली असती. आणि आता कागद गेला होता. कागद नाही म्हणजे आकाश, आणि आकाश म्हणजे मोजणं आलं. बुध दिसल्याशिवाय मोजायचं नाही हे ठरलेलं.

"त्यात काय एवढं," ज्युलिएटबाई शालीतून हात काढत म्हणाल्या. "कागद नसेल तर वर बघू. तो एक." त्यांनी शुक्र दाखवला. "तो दोन." गुरू. मग त्या वळल्या आणि पूर्वेकडे उंचावर बोट केलं. "आणि तो तीन. झाले तीन. अरुणा, चहा ओत."

"थांब," थळकर म्हणाले.

ते असे मोठ्याने बोलत नसत. अरुणाताईंचा हात थर्मासच्या झाकणावर तसाच राहिला.

"त्यातला एकही तारा नाही. हा शुक्र. तो गुरू. तो मंगळ आहे, तांबूस दिसत नाही का? हे बघ, हे सगळे एका दोरीवर असतात, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे." त्यांनी कड्याच्या वाटेसाठी आणलेली काठी उचलली आणि मंगळावर धरली. तिथून ती गुरूवर आणली, गुरूवरून तिरकी खाली शुक्रावर, शुक्रावरून चंद्राच्या कोरीवर. "दोरी अशी खाली येते, आणि तशीच पुढे नेली तर..."

काठी थांबली. तिच्या टोकाशी, पाण्यापासून वीतभर वर, उजेडाचा एक कण होता.

थळकरांनी काठी खाली टेकवली. बोट असेल, पण बोटीचा दिवा पाण्यावर असतो, इतका वर नाही. तो कण लुकलुकत होता, आणि ग्रह लुकलुकत नाही असं ते टालियाला शिकवत आले होते. पण इतक्या खाली, समुद्रावरच्या जाड हवेतून बघताना ग्रहसुद्धा थरथरतो, हेही कुठेतरी वाचलेलं त्यांना आठवलं. विमान? ते वाट बघत राहिले. विमानाने एकदा फसवलं होतं, पुन्हा फसायचं नव्हतं. पाच मिनिटं गेली, आठ गेली. कणाला पंख फुटले नाहीत. तो कोरीच्या मागोमाग, दोरी न सोडता, तसाच तिरका खाली सरकत होता.

"बुध," थळकर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि एकाचे दोन बुध दिसायला लागले, म्हणून त्यांनी आधी चष्मा पुसला. मग पुन्हा बघितलं. एकच होता. ते आनंदाने हसले, अगदी लहान मुलासारखे, आणि पाठोपाठ त्यांना रहमीमकाकांची इतकी आठवण आली की त्यांनी काठीवर दोन्ही हात टेकले. काकांना हा दाखवायला हवा होता.

कमलाकरांनी हळूच फोन काढून, पाठ करून, खात्री करून घेतली आणि तो परत खिशात ठेवला. चेहऱ्यावरून कळत होतं.

आता सबब उरली नव्हती. हे सगळ्यांत आधी थळकरांनाच कळलं. पाचही झाले, आता मोजायला हवं. दक्षिणेला व्याध तर मघापासून जळत होता, डोक्यावर ब्रह्महृदय आला होता. रोहिणीही दिसत होती. तीन होत होते. पण हे मोठे, आणि ठळक चांदण्यांवर एकदा विसंबून बघितलं होतं. त्यांना लहान हवे होते, जे पुरता अंधार झाल्याशिवाय डोकं वर काढत नाहीत. ते मृगाकडे बघत उभे राहिले. त्याच्या कमरेला तीन लहान तारे असतात, एका ओळीत.

चहा थर्मासमध्ये होता, वारा वाढला होता. ज्युलिएटबाईंनी विचारलं नाही. ओळीतला मधला आधी आला. मग डावीकडचा. उजवीकडचा आहे की नाही, आहे, नाही, आणि मग तो होता, अगदी बारीक, पण सरळ बघितलं तरी जात नव्हता.

"तीन झाले," थळकर म्हणाले.

वाऱ्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून ते बाकाकडे वळून पुन्हा म्हणाले, "ज्युली, तीन झाले."

ज्युलिएटबाई उठल्या. नवा आठवडा सुखाचा जावो, असं त्यांनी हिब्रूत म्हटलं आणि थळकरांच्या कोटाची कॉलर नीट केली, जी नीटच होती. अरुणाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि चहा ओतला. चौघांनी उभ्यानेच घेतला. चहा गरम होता, आल्याचा होता, आणि कमलाकर म्हणाले की त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यांत उशिरा मिळालेला चहा. सगळे हसले. बुध तोवर पाण्याला टेकला होता.

परतीच्या वाटेवर कमलाकर बॅटरी घेऊन पुढे होते, अरुणाताई त्यांच्याबरोबर. मागून थळकर सावकाश चालत होते. काहीतरी जुळत नसल्यासारखे ते मध्येच थांबले. सवय, दुसरं काय. मिळालेल्या गोष्टीचीसुद्धा तीनदा तपासणी.

"ज्युली."

"काय?"

"मघाशी तू तीन दाखवलेस. तेव्हा व्याध वर आलेला होता. मंगळापेक्षा ठळक होता, तुझ्या अगदी समोर. खरा तारा तेवढा एकच होता."

"मग?"

"तो सोडलास. आणि त्याच्याऐवजी पाठमोरी वळून मंगळ शोधलास. इतक्यातले बरोबर तिन्ही ग्रहच कसे उचललेस?"

ज्युलिएटबाईंनी त्यांच्या कोपरात हात घातला. वाट उतरती होती.

"झॅक, सत्तावीस वर्षं तुझ्या शेजारी उभी आहे मी. शुक्र, गुरू, मंगळ मला किचनच्या खिडकीतून कळतात."

थळकरांनी मान वळवून शुक्राकडे बघितलं.

"नुसता बुध दिसला असता तरी तू मोजलं नसतंस. दुसरं काहीतरी काढलं असतंस, ओळखते मी तुला. पण दुसरा कुणी चुकायला लागला की तुला गप्प बसवत नाही," ज्युलिएटबाई म्हणाल्या. "म्हटलं, ह्या खेपेला मी चुकते."